सपोर्ट नको, फक्त अडवू नका : वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला खुलं पत्र

प्रति,
आमच्या सोसायटीला वजनकाट्याचं आणि पावत्यांचं सॉफ्टवेअर देणारी कंपनी,
मालक, आणि मे महिन्यातलं ते अपडेट पाठवायचं ज्यांनी ज्यांनी ठरवलं ते सगळे

नमस्कार.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाहीये. हे तुम्हालाच आहे ते तुम्हाला कळेलच, आणि बाकीच्यांना नावापेक्षा झालं काय ते कळणं जास्त गरजेचं आहे. तीन मेल केले, सहा वेळा फोन केला, दर वेळी "वरती कळवतो" एवढंच ऐकायला मिळालं, म्हणून आता चारचौघांत लिहिते.

मी देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात बागायतदारांच्या सोसायटीत क्लार्क आहे, ११ वर्षं झाली. आमच्याकडे पेटीचा आंबा डझनावर जातो, त्याचा हिशोब वेगळा, पण एप्रिल संपत आला की कॅनिंगचा आंबा सुरू होतो आणि तो किलोवर जातो. बारीक, डागी, वाऱ्याने पडलेला, जो पेटीत भरता येत नाही तो सगळा. ज्याची २५-३० कलमं आहेत अशा माणसाला शेवटी हातात जे काही राहतं ते बऱ्याचदा या कॅनिंगच्या पैशातूनच. क्रेट काट्यावर ठेवायचा, वजन आपोआप स्क्रीनवर येतं, सभासदाचा नंबर टाकायचा, पावती निघते, त्या पावतीवर त्याचे पैसे. हे सगळं चालतं जेमतेम पाच-सहा आठवडे. मिरगाचा पाऊस लागला की खेळ खलास, मग झाडावर राहिला तो आंबा पावसाचा आणि वटवाघळांचा.

तर या पाच-सहा आठवड्यांच्या अगदी मधोमध, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, तुमचं अपडेट आलं. विचारलं नाही, सांगितलं नाही, सकाळी सॉफ्टवेअर उघडलं तर ते स्वतःच डाऊनलोड करून इन्स्टॉल झालं आणि परत उघडताना एक चौकोन आला, त्यात लिहिलेलं की हे सॉफ्टवेअर अनसपोर्टेड एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवता येणार नाही, आणि खाली एकच बटण, बंद करा. शेडमध्ये तेव्हा दोनशेच्या वर क्रेट आलेले, बाहेर टेम्पो लागलेला, ड्रायव्हर सांगून गेला की सातच्या आत फॅक्टरीत नाही पोचलो तर लायनीत शेवटचा नंबर लागेल, आणि रात्रभर टेम्पोत राहिलेला आंबा सकाळी काय होतो ते तुम्हाला सांगायची गरज नाही, किंवा असेलही.

काटा व्यवस्थित चालू होता. त्याच्या डिस्प्लेवर लाल आकड्यात २३.४०० दिसत होतं आणि बाजूला स्क्रीनवर तुमचा तो चौकोन. मी दोनदा मशीन बंद-चालू केली. वाडीतले एक आबा, पंचाहत्तरीच्या पुढचे, आपल्या क्रेटांपाशी उभे होते, ते म्हणाले, "बाय, माझो आंबो वजनार जाता, तुज्या कंप्युटरार नाय. काटो दाखवता मा वजन? मगे लिव." म्हणून मग कपाटातून जुनं पावती पुस्तक काढलं, कार्बन कडक झालेला होता, आणि त्या दिवशी ६१ पावत्या हाताने लिहिल्या. पुढचा सगळा सीझन तसाच गेला. त्यात एका सभासदाचे ३१२ किलो माझ्या हातून २१३ लिहिले गेले, चार दिवसांनी फॅक्टरीच्या पावतीशी ताळा करताना सापडलं म्हणून बरं, नाहीतर त्या माणसाचे ९९ किलोचे पैसे गेले असते आणि त्याला कळलंही नसतं. ती चूक माझी आहे आणि मी त्यांच्या घरी जाऊन सांगून आले. पण ती चूक होऊ नये म्हणूनच आम्ही २०१२ साली तुमचं सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं ना.

आता ते "अनसपोर्टेड एन्व्हायर्नमेंट" म्हणजे काय ते वाचणाऱ्यांसाठी सांगते, कारण यात आम्ही काही चोरीमारी केली असं कोणाला वाटू नये.

सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनवलेलं आहे. आमची मशीन आधी विंडोज ७ वर होती. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती, आणि आली तेव्हा इतकं व्होल्टेज घेऊन आली की हार्डडिस्क गेली. मशीनबरोबर आलेलं विंडोज त्या डिस्कवरच होतं, वेगळी सीडी नव्हतीच. विंडोज ७ चा सपोर्ट तर त्याआधीच, १४ जानेवारी २०२० ला मायक्रोसॉफ्टने बंद केलेला. माझा भाचा लॉकडाऊनमुळे पुण्याहून गावी आलेला होता, त्याने नवीन डिस्कवर लिनक्स मिंट टाकलं, ही विंडोजच्या जागी चालणारी सिस्टीम, ते फुकट आहे आणि आमच्या ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर बऱ्यापैकी पळतं. आणि तुमचं सॉफ्टवेअर चालावं म्हणून वाईन टाकलं.

वाईन काय करतं ते बागेतल्याच उदाहरणाने सांगते. आमच्याकडे बागांमध्ये राखणीला आणि काढणीला नेपाळी माणसं असतात, देवगड-रत्नागिरीकडे बागांमध्ये फिरलात तर ठिकठिकाणी दिसतील. नवीन आलेल्याला मराठी येत नाही, मालवणी तर त्याहून नाही. मग एखादा जुना मुकादम असतो, त्याला दोन्ही भाषा येतात. नवीन माणूस त्याच्या भाषेत झेला (आंबा काढायची जाळी लावलेली काठी) मागतो, मुकादम आमच्या पडवीतला झेला काढून त्याच्या हातात देतो. झाडावर चढतो तो माणूसच, आंबा काढतो तो माणूसच, मुकादम काही त्याच्या जागी चढत नाही. वाईन हा तो मुकादम. तुमचा प्रोग्राम विंडोजच्या भाषेत म्हणतो की खिडकी उघड, ही फाईल दे, कॉम १ वरून (काट्याची वायर लागते त्या पोर्टवरून) वजन वाच, आणि वाईन ती मागणी लिनक्सकडून पुरी करून देतं. बाकीचं सगळं काम तुमचा प्रोग्राम स्वतःच थेट प्रोसेसरवर करतो, म्हणून तर त्याच्या नावाची फोडच "वाईन इज नॉट ॲन एम्युलेटर" अशी आहे. यात विंडोजची चोरलेली फाईल नाही, सगळं वाईनवाल्यांनी स्वतः नव्याने लिहिलेलं आहे. १९९३ साली बॉब ॲमस्टॅड यांनी हे काम सुरू केलं, पुढच्या वर्षापासून अलेक्झांडर ज्युलियार्ड ते सांभाळतायत, आणि १.० आवृत्ती यायला १७ जून २००८ उजाडला, म्हणजे १५ वर्षं लागली. दुसऱ्याचा प्रोग्राम आपल्या घरात नीट चालावा एवढ्यासाठी माणसं इतकी वर्षं खपतायत याचं मला खरंच फार अप्रूप वाटतं.

ते बसवायला आम्हाला दोन रात्री लागल्या. तुमचा प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला, डेटा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या फाईलमध्ये, म्हणून वाईनमध्ये ३२ बिटचा वेगळा कप्पा करावा लागला, त्यात विनट्रिक्स नावाच्या साधनातून असा प्रोग्राम आणि अशी फाईल चालायला लागणारे भाग (व्हीबी ६ रनटाईम, एमडॅक आणि जेट) टाकले. प्रोग्राम उघडला, सभासदांची यादी आली, पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी, मग लक्षात आलं की तुमचा मराठी फॉन्टच नाहीये, तो जुन्या बॅकअपमध्ये सापडला, तो वाईनच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकल्यावर नावं दिसायला लागली. वजन मात्र शून्य. काट्यावर नारळाचं पोतं ठेवलेलं, डिस्प्लेवर ४१ किलो, स्क्रीनवर शून्य. रात्री दीड वाजता भाच्याला सापडलं की लिनक्समध्ये सिरियल पोर्ट वाचायला त्या युजरला डायलआऊट नावाच्या ग्रुपमध्ये घालावं लागतं. घातलं, लॉगआऊट करून परत आलो, आणि ४१.२०० हा आकडा स्क्रीनवर आला तेव्हा मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. त्या रात्रीनंतर हे सगळं मी शिकून घेतलं, भाचा परत पुण्याला गेला, नंतरचं सगळं मीच सांभाळलंय.

आणि हे तुम्हाला माहीत होतं. लायसनचा नंबर परत ॲक्टिव्हेट करायला मी तेव्हा तुमच्याच ऑफिसला फोन केला, तिथल्या मुलाला मी सरळ सांगितलं की लिनक्सवर वाईनमध्ये चालवतेय, तो म्हणाला "चालतंय ना मॅडम, मग झालं तर" आणि त्याने नंबर दिला. त्यानंतर चार सीझन एकही पावती अडली नाही. दर वर्षी एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभालीचे, पैसे वेळेवर भरले. चार वर्षांत मी सपोर्टला दोन फोन केले, दोन्ही प्रिंटरच्या रिबनबद्दल.

मग आता काय झालं?

फोनवर मला तीन कारणं सांगितली गेली, त्यांचं एकेक करून बोलते.

पहिलं म्हणजे सिक्युरिटी. हे ऐकून मला सगळ्यात जास्त राग आला कारण शेजारच्या गावात दुसऱ्या एका केंद्रावर तुमचंच सॉफ्टवेअर, हेच नवीन अपडेट, विंडोज ७ वर आजही मजेत चालतंय, मी स्वतः जाऊन बघून आले. म्हणजे ज्या सिस्टीमला २०२० पासून साध्या ग्राहकाला सिक्युरिटीचं ठिगळ मिळत नाही ती तुम्हाला चालते, आणि जिच्यावर मी दर आठवड्याला अपडेट टाकते ती असुरक्षित. हे कुठल्या हिशोबाने ते मला लेखी सांगा.

दुसरं, पायरसी. आमचं लायसन पैसे मोजून घेतलेलं, नंबर तुमच्या रजिस्टरला, बिल आमच्या फाईलला. वाईनमध्ये चालवल्याने एका लायसनची दोन होत नाहीत.

तिसरं, सपोर्टचा भार, की लिनक्सवाल्यांचे प्रॉब्लेम आम्ही कुठे सोडवत बसू. हे मला पटतं. मनापासून पटतं. खोक्यावर विंडोज लिहिलेलं होतं, तुम्ही लिनक्सचं वचन कधी दिलं नव्हतं, त्यामुळे लिनक्सवर काही बिघडलं तर ते निस्तरणं माझं काम, तुमचं नाही. पण सपोर्ट न देणं वेगळं आणि दाराला कडी लावणं वेगळं. चालत नसतं तर मी गप्प बसले असते, इथे चालत असलेलं तुम्ही मुद्दाम बंद केलंत. त्यासाठी कोणीतरी बसून जास्तीचा कोड लिहिलाय. मी लॉग काढून बघितलं, तुमचा प्रोग्राम सुरू होताच रजिस्ट्रीत (सगळी सेटिंग जिथे नोंदलेली असतात तिथे) वाईनची की, म्हणजे नोंद, आहे का ते शोधतो, आणि सापडली की तो चौकोन दाखवून बाहेर पडतो. वाईन आपली ओळख लपवत नाही, ती तशीच उघडी असते. ती लपवायचे मार्गही आहेत, भाचा म्हणाला मावशी, दोन मिनिटांचं काम आहे, करून टाकू. मी नाही म्हटलं. पैसे भरून घेतलेली वस्तू मी तोंड लपवून का वापरायची? आणि सोसायटीचा हिशोब आहे, उद्या ऑडिटमध्ये कोणी विचारलं तर मला ताठ मानेने सांगता आलं पाहिजे. त्यापेक्षा हाताने पावत्या लिहिल्या, आणि आता हे पत्र लिहितेय.

तुम्ही केलंत तसं आधीही झालंय. २००५ साली खुद्द मायक्रोसॉफ्टच्या, विंडोज अस्सल आहे का ते तपासणाऱ्या टूलमध्ये अशीच वाईनची रजिस्ट्री की शोधणारा भाग सापडला होता. पण पुढे काय झालं तेही बघा. २०१६ मध्ये त्याच मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या आत लिनक्सचे प्रोग्राम चालवायची सोय स्वतः करून दिली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्ह या गेमच्या कंपनीने वाईनवरच आधारलेलं प्रोटॉन आणलं आणि विंडोजसाठी बनवलेले हजारो गेम लिनक्सवर चालायला लागले, त्यांचं स्टीम डेक हे हातात धरायचं गेमचं मशीन तर २०२२ पासून त्याच जोरावर विकलं जातंय. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपला मोनो प्रकल्प (डॉटनेटवर लिहिलेले प्रोग्राम इतर सिस्टीमवर चालवणारा) सांभाळायला दिला तो कोणाला, तर वाईनवाल्यांना. ज्यांची विंडोज आहे त्यांचं वाईनशी भांडण उरलेलं नाही, आणि आंब्याच्या पावत्या छापणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र वाईन चालत नाही.

कायद्याचंही कोणी मनात आणू नये. ५ एप्रिल २०२१ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गूगल आणि ओरॅकलच्या खटल्यात जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या एपीआयच्या (प्रोग्रामने काही मागायच्या ठरलेल्या पद्धतीच्या) सुमारे ११,५०० ओळी गूगलने वापरल्या तो फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवायही चालणारा वाजवी वापर, धरला. आपल्याकडे कॉपीराईट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्येही, कायदेशीरपणे प्रोग्राम बाळगणाऱ्याने दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती काढली आणि ती सहज मिळण्यासारखी नसेल, तर त्याला उल्लंघन म्हणत नाहीत. म्हणजे जुळवून घेणं हा गुन्हा नाही, कायद्याने त्याला जागा ठेवलीय.

"मग नवीन मशीन घ्या ना" हे तुमचं शेवटचं उत्तर. फोनवरच्या बाईंनी अगदी सहज सांगितलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आमचा तिसऱ्या पिढीचा आय३ आहे, म्हणजे त्यावर ते बसणार नाही. नवीन मशीन, विंडोज, त्यावर काट्यासाठी यूएसबीचा कन्व्हर्टर, कारण ती नऊ पिनांची सिरियल पोर्ट आता नवीन मशीनला बहुतेक येतच नाही, असा सगळा मिळून कणकवलीच्या दुकानात ४८ हजारांचा कोटेशन मिळाला. वर्षातले दीड-दोन महिने चालणाऱ्या कामासाठी. तेही खाऱ्या हवेत, जिथे दोन पावसाळ्यांत स्क्रूसुद्धा गंजतात. आमची जुनी मशीन ठणठणीत आहे, काटाही ठणठणीत आहे, दर वर्षी वैधमापनवाले येऊन तपासून शिक्का मारून जातात. वजन काट्याचं खरं असतं, सॉफ्टवेअर ते नुसतं वाचतं आणि छापतं. ते वाचायला ४८ हजार?

आणखी दोन गोष्टी आहेत, त्या या अपडेटच्या निमित्ताने उघड झाल्या.

एक म्हणजे आमचा डेटा. २०१२ पासूनच्या सगळ्या पावत्या, कोणाचा किती आंबा, कोणाची किती काजू बी, कोणाचं ॲडव्हान्स किती, सगळं त्या एका फाईलमध्ये. मशीन माझ्यासमोर, फाईल माझ्यासमोर, आणि मला ती उघडता येत नाही कारण तिला तुमचा पासवर्ड आहे. एका सभासदाला पीक कर्जासाठी बँकेने मागच्या तीन वर्षांच्या विक्रीचा उतारा मागितला. मी त्याला जुने छापील कागद शोधून शोधून दिले, एका वर्षाचे वाळवीने खाल्लेले होते. तो माणूस सोसायटीच्या बाकावर अर्धा दिवस बसून राहिला आणि माझ्या टेबलावरच्या हार्डडिस्कमध्ये त्याचा उतारा होता. त्याला मी काय तोंडाने सांगू की तुझी माहिती आमच्याकडे आहे पण आमची नाही?

आणि पासवर्ड मिळाला तरी पुढे अडचण आहेच. सगळी नावं तुमच्या त्या जुन्या फॉन्टच्या कोडमध्ये साठवलेली आहेत, फॉन्ट काढला की ती वाचता येत नाहीत. युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) देवनागरी १९९१ पासून आहे, गावातल्या शाळेतली पोरं मोबाईलवर मराठी लिहितात, आणि आमच्या सभासदांची नावं अजून एका फॉन्टच्या फाईलवर लटकलेली.

दुसरी गोष्ट डोंगलची. मला कळलंय की पुढच्या आवृत्तीत तुम्ही यूएसबीला लावायचं डोंगल, म्हणजे लायसनची किल्ली, सक्तीचं करणार आहात. कृपा करून हे करू नका. वाईनला सिस्टीमच्या पोटातले बहुतेक ड्रायव्हर चालवता येत नाहीत, ती त्याची मर्यादा आहे आणि ती मी लपवत नाही, त्यामुळे तुम्ही आज दार उघडलंत तरी डोंगल आलं की ते उद्या कायमचं बंद. शिवाय साधा विचार करा, शेडमध्ये गर्दी, क्रेटांची ओढाताण, आणि एवढीशी ती पेनड्राईव्हसारखी वस्तू. ती हरवली किंवा मोडली तर नवीन कुरियरने गावात पोचायला किती दिवस लागतील? मे महिन्यात तेवढ्या दिवसांत अर्धा सीझन जातो.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा काय झालं ते सगळं देवापुढे मांडतात आणि मग काय पाहिजे ते स्पष्ट मागतात, मोघम काही ठेवत नाहीत. मीही स्पष्टच मागते.

वाईन ओळखून बंद होणारा तो भाग काढा. त्याच्या जागी हवं तर मोठ्या अक्षरात सूचना दाखवा की इथे आम्ही सपोर्ट देणार नाही, जबाबदारी तुमची, आणि खाली "समजलं, पुढे चला" असं बटण द्या. सोसायटीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट तसं लिहून द्यायला आमचे चेअरमन तयार आहेत, मी त्यांना विचारून हे लिहितेय.

ते होईपर्यंत एप्रिलमधली, चालणारी आवृत्ती आम्हाला परत द्या. तुमच्याकडे ती असणारच.

मार्च ते जून सक्तीचं अपडेट कोणालाही पाठवू नका, विंडोजवाल्यांनाही नाही. तुमचं सॉफ्टवेअर बागायतदारांसाठी आहे तर सीझन कधी असतो एवढं तरी त्यात धरा.

आमच्या डेटाचा पासवर्ड द्या, किंवा सगळा डेटा कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडेल अशा साध्या सीएसव्ही फाईलमध्ये, युनिकोड मराठीत काढून घ्यायची सोय द्या. त्यासाठी वेगळे पैसे मागू नका, तो डेटा आमच्या लोकांनी आंबा तोलून तयार केलाय.

डोंगल सक्तीचं करू नका. नंबरवर ॲक्टिव्हेट होण्याची आत्ताची पद्धत चालू ठेवा.

आणि यातलं काहीच करायचं नसेल तर यंदाच्या एएमसीचे पैसे परत करा, कारण ज्या दिवसांसाठी ते भरले होते त्या दिवसांत आम्ही कार्बन पेपरवर पावत्या लिहीत होतो.

हे पत्र वाचणाऱ्या बाकी सोसायट्या, काजूवाले, मच्छीमार संस्था, पतसंस्था, सगळ्यांना एक विनंती आहे. पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर घेताना दोन ओळी लेखी मागून घ्या, की डेटा आम्हाला कधीही काढून घेता येईल, आणि आमच्या मशीनवर ते ज्या पद्धतीने चालत असेल त्या पद्धतीने चालू दिलं जाईल. आम्ही २०१२ साली हे मागितलं नाही, तेव्हा सुचलंच नाही. आणि तुमच्याकडेही जुनी मशीन पडून असेल, विंडोजचा सपोर्ट संपला म्हणून कोणी भंगारात द्यायला सांगत असेल, तर थोडं थांबा. लिनक्स आणि वाईनवर तुमचा प्रोग्राम चालतो का ते आधी बघा. सगळेच चालत नाहीत, काही अर्धवट चालतात, पण माझ्यासारख्या बारावी झालेल्या बाईला भाच्याच्या मदतीने ते दोन रात्रींत जमलं, तर तुम्हालाही जमेल. आमच्या तालुक्यातलं कोणी असेल तर सोसायटीत या, मी बसवून देईन.

कंपनीला शेवटचं. फेब्रुवारीत आमची काजू बी सुरू होते, तीही याच काट्यावर. त्याआधी नोव्हेंबरमध्ये संचालक मंडळाची मीटिंग आहे, त्यात तुमची एएमसी पुढे चालू ठेवायची का हा विषय अजेंड्यावर घेतलाय. तोपर्यंत उत्तर द्या, हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, पण लेखी द्या. जे उत्तर येईल ते मी सोसायटीच्या फळ्यावर लावणार आहे, आबांना वाचून दाखवायचंय.

मशीन मी रोज सकाळी चालू करते, या दमट हवेत बंद राहिली तर खराब होईल म्हणून. चालू झाली की तुमच्या आयकॉनवर एकदा क्लिक करून बघते. आज सकाळीही तोच चौकोन आला. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी मी स्वतः तुम्हाला फोन करून कळवेन.

कळावे,
सोसायटीची क्लार्क,
देवगड तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग